घोडी किलोनं खात नाही

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, कोलकात्यात, सकाळी साडेसहाला मी पहिल्यांदा घोड्यावर बसले. घोडी जागची हललीसुद्धा नव्हती, तरी माझ्या तोंडून निघालं, “आई गं, पडले मी आता.”

“पडत नाही तुम्ही,” कुणीतरी चक्क मराठीत म्हणालं. “पारुल कुणाला पाडत नाही. पाय तेवढे सैल सोडा. आवळून धरलं की तिला कळत नाही, जायचंय का थांबायचंय.”

मी मान वळवून पाहिलं. शेजारी बांधलेल्या काळ्या घोड्याचा मागचा पाय मांडीवर घेऊन एक म्हातारा ओणवा झाला होता. माझ्याकडे त्याची पाठ होती. माझं तोंडही न बघता त्यानं हे सांगितलं होतं. कंबरेला चामड्याचं ॲप्रन, चष्म्याच्या दांड्यांना मागून बांधलेला काळा दोरा आणि आजूबाजूला जळक्या शिंगाचा वास. ही खाडेकाकांची आणि माझी पहिली भेट.

मी बँकेत अधिकारी. बदलीवर एकटी आले होते; नवरा आणि मुलगा पुण्यात. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, मी घोड्यावर बसायला गेले. लहानपणी कोल्हापुरात राहून गेलेली हौस होती ती. शहरातल्या मोठ्या मैदानाच्या कडेला एक जुनी घोडेस्वारीची शाळा होती, हेस्टिंग्जमधल्या माझ्या फ्लॅटपासून चालत वीस मिनिटांवर. सात-आठ घोडे, पत्र्याचे तबेले, एक समिती आणि समितीचे सेक्रेटरीबाबू. हे गृहस्थ रोज सकाळी पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत येत आणि चिखल चुकवत फिरत.

खाडेकाका तिथले नालबंद. मूळचे साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. फौजेत घोड्यांना आणि खेचरांना नाल ठोकत आयुष्य गेलं, शेवटची काही वर्षं बराकपूरला काढली. तिथेच मुलीचं लग्न झालं, तिथेच बायको गेली, मग गावी परतायचं राहून गेलं. आठवड्यातून दोनदा ते लोकलनं सियालदाला उतरत आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावून बसनं मैदानावर येत. सगळे त्यांना हवालदारजी म्हणत. मी काका म्हणायला लागले. मला ते पहिला आठवडाभर मॅडम म्हणाले आणि नंतर न विचारता ताई. फौजेतल्या हिंदीनं त्यांच्या मराठीवरचा गावाकडचा रंग बराचसा धुऊन काढला होता, पण राग आला की माण तालुका वर यायचा.

त्यांचं काम बघत बसणं हा माझा नाद झाला. स्वारी अर्धा तास आणि त्यांच्यापाशी बाकावर पाऊण तास, असा माझा हिशेब. खूर हातात घेतला की ते आधी हातोडीच्या दांड्यानं त्यावर दोन-तीनदा टिचकी मारत आणि मान तिरकी करून ऐकत. कुंभाराच्या दुकानात बायका माठ वाजवून बघतात तसं. मग अंगठा खुरावरून वर-खाली फिरवत. खुराच्या भिंतीवर आडव्या बारीक रेघा असतात, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं.

एकदा त्यांनी एका रेघेवर नख ठेवलं आणि रफीकला, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्या सईसला विचारलं, “होली के आसपास इसको बुखार आया था?”

रफीक मान खाली घालून म्हणाला, “तीन दिन. सेक्रेटरीबाबू को बताया नहीं था.”

“मला कुणी सांगितलं नाही, हिनं सांगितलं,” काका माझ्याकडे बघून म्हणाले. घोड्यानं काय खाल्लं, कधी आजारी पडला, कधी उपाशी राहिला, ते सगळं महिन्यामहिन्यानं खुरावर उतरतं, असं ते म्हणत. कापलेल्या खुरांच्या चकत्या ते कागदाच्या पुड्यांत बांधून घरी नेत. पुडीवर घोड्याचं नाव आणि महिना. मुलगी ओरडते म्हणून पुड्या कोळशाच्या जुन्या डब्यात लपवलेल्या आहेत, हे त्यांनीच मला सांगितलं.

त्या पावसाळ्यात पारुलचे खूर फुटायला लागले.

पारुल ही तांबूस रंगाची, मध्यम वयाची, अतिशय सोशिक घोडी. नवशिक्यांना तिच्यावरच बसवत. खिळे जिथे ठोकायचे तिथूनच खुराचे टवके निघायचे. आज बसवलेला नाल दहा दिवसांत निघून चिखलात पडायचा. पुन्हा ठोकायचा तर खिळा धरायला जागा नाही. समितीत चर्चा झाली आणि सेक्रेटरीबाबू येऊन म्हणाले की, पुढचा सीझन सुरू होईपर्यंत घोडी कामाला आली नाही तर तिला घोडागाडीवाल्याला देऊन टाकू. ते वाईट मनाचे नव्हते. शाळेचे पैसे कमी पडत होते आणि न चालणारं जनावर त्यांना परवडत नव्हतं. पण नाल न टिकणारी घोडी दिवसभर डांबरी रस्त्यावर गाडी ओढणार म्हणजे काय होणार, हे तबेल्यात प्रत्येकाला माहीत होतं.

“एक साल दीजिए,” काका म्हणाले.

“एक साल? हवालदारजी, दवा खिलाइए. आजकल सब मिलता है.”

आणि खरोखरच सगळं मिळत होतं. पुढच्या बुधवारी तबेल्यातल्या पेटीवर तीन वस्तू मांडलेल्या होत्या. एक परदेशी डबा, सोनेरी झाकणाचा, सेक्रेटरीबाबूंनी मागवलेला. दुसरी आपल्याच देशात बनलेली पांढरी बादली, दिसायला डिस्टेंपरची वाटावी अशी. तिसरी, समितीतल्या एका सभासदानं बागबाजारच्या दुकानातून आणलेली प्लास्टिकची पुडी. तिन्हींवर घोड्याचं चित्र आणि तिन्हींवर खूर मजबूत करण्याचं वचन.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “ताई, तुम्ही शेतकी शिकलेल्या ना? मग वाचा. इंग्रजी बारीक अक्षर मला दिसत नाही, आणि दिसलं तरी कळत नाही.”

मी शेतकीची पदवीधर होते खरी, बँकेत लागल्यापासून शेती फक्त कर्जाच्या अर्जांत पाहिली होती. तरी मला एकदम उत्साह आला. तिन्हींच्या लेबलांचे फोटो काढून घरी नेले, दोन संध्याकाळी बसून तक्ता तयार केला. बायोटिन किती, मेथिओनिन किती, जस्त किती, तांबं किती. सगळं किलोमागे. किंमतही किलोमागे. परदेशी डब्यात बायोटिन सर्वांत जास्त, तेव्हा महाग असला तरी तोच घ्यावा, असा निष्कर्ष मी खाली ठळक अक्षरांत लिहिला होता.

काकांनी तक्ता ऐकून घेतला. मग विचारलं, “घोडी किलोनं खाते का?”

“म्हणजे?”

“दिवसाला किती? तिच्या पोटात रोज जातं किती, ते सांगा. किलोत किती हाय ते घेऊन ती काय करणार?”

मला तिथल्या तिथे लाज वाटली. परदेशी डब्यातला चमचा इवलासा होता, बादलीतला चांगला मोठा. डब्यावर माप चमच्याचं लिहिलेलं, बादलीवर ग्रॅमचं, पुडीवर नुसतं ‘मूठभर’. काकांनी रफीकला कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे धाडून तराजू आणवला. चमचा सपाट भरून मोजला, शीग लावून मोजला. मूठ माझी वेगळी आणि रफीकची वेगळी, तीही मोजली. बायोटिनचा परिणाम दिसायचा तर मोठ्या घोड्याला दिवसाला वीसेक मिलिग्रॅम जावं लागतं, हे मला वाचून माहीत होतं. त्या मापानं बघितलं तर सोनेरी डब्यातला एक चमचा निम्म्यालाही पोचत नव्हता. पुरेसं द्यायचं तर डबा दोन आठवड्यांत संपला असता. बादलीतलं पुरत होतं, आणि डब्याच्या एका दिवसाच्या खर्चात बादलीचे चार दिवस निघत होते.

बागबाजारच्या पुडीनं मात्र दोघांना मागे टाकलं. कागदावर रोजच्या मापात बायोटिन सर्वांत जास्त आणि खर्च सर्वांत कमी. मी हरखून म्हटलं, “काका, हीच घ्या.”

त्यांनी चिमूटभर पूड तळहातावर घेतली, हुंगली, जिभेला लावली. मग चहावाल्याच्या लेबू-चा, म्हणजे लिंबाच्या चहाच्या सामानातलं अर्धं लिंबू मागून तिच्यावर पिळलं. तळहातावर फसफसून फेस आला.

“खडू,” ते म्हणाले. “खडू काही वाईट नाही. कॅल्शियम लागतं जनावराला. पण निम्म्याहून जास्त खडूच दिसतो. बाकीच्यात तुम्ही म्हणता ते असेलही. मोजणार कोण? त्यांना तपासणीचा कागद मागा.”

मी कंपनीला मेल पाठवला. उत्तरादाखल एक रंगीत माहितीपत्रक आलं, त्यात पळणारे पांढरे घोडे होते. तपासणीचा कागद नव्हता. बादलीवाल्यांनी मात्र दोन दिवसांत त्या बॅचचा अहवाल पाठवला. मी तो वाचून दाखवला तेव्हा काका एवढंच म्हणाले, “मग झालं.”

पण झालं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा रफीक पारुलच्या घमेल्यात तिन्ही एकत्र कालवत होता. सेक्रेटरीबाबू शेजारी उभे. आणलेलं वाया कशाला घालवायचं, जास्त दिलं तर जास्तच फायदा, असं त्यांचं म्हणणं. “बेशि दिले तो भालोई,” ते हसून म्हणाले.

काका तेवढ्यात फाटकातून आत आले. काय चाललंय ते पाहिल्यावर खांद्यावरची पिशवी त्यांनी खाली टाकली. ठेवली नाही, टाकली. सरळ येऊन घमेलं उचललं आणि मागच्या उकिरड्यावर ओतून आले. मग माझ्याकडे वळले. “ताई, सेलेनियम बघा. तिन्हींत हाय का?”

मी फोनमधले फोटो काढले. तिन्हींत होतं. डब्यात, बादलीत, पुडीत. प्रत्येकात एका दिवसापुरतं. म्हणजे पारुलला तीन दिवसांचं रोज मिळणार होतं.

“मेरे रहते नहीं,” काका सेक्रेटरीबाबूंना म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण सेक्रेटरीबाबू मागे सरकले.

ते गेल्यावर आम्ही बाकावर चहा घेत बसलो. काकांचा पेला तसाच हातात होता.

“पंजाबात होतो तेव्हा,” ते म्हणाले. “चोवीस-पंचवीसचा असेन. माझ्याकडे बादल नावाचा घोडा होता. करडा. आख्ख्या लाइनीत तसा घोडा नव्हता. त्याच्या अंगावर चकाकी यावी म्हणून मी स्टोअरच्या माणसाला गोड बोलून जास्तीचं मिनरल मिक्श्चर घ्यायचो. सगळ्यांना एक माप, बादलला दोन. कधी तीन. त्या भागातल्या काही जमिनींत आधीच सेलेनियम लय असतं, चाऱ्यातून येतं, हे मला कोण सांगणार? आधी शेपटीचे केस गळाले. मला वाटलं, घासतोय कुठंतरी. मग आयाळ. मग खुरावर, हितं वर, केसांच्या खाली, गोल चीर पडली. चारी पायांना. खूर सुटायला लागले ताई. जिवंत घोड्याचे.”

मी माझा पेला बाकावर ठेवला.

“डॉक्टरसाहेबांनी विचारलं, काय घातलं होतं? मी सांगितलं, सगळ्यांना देतो तेच. खोटं सांगितलं. दोन दिवसांनी जाऊन खरं सांगितलं. तोवर त्यांनी गोळी घालायचं ठरवलं होतं, आधी सांगितलं असतं तरी ते टळलं नसतं म्हणाले. शिक्षा झाली, ती झाली. पण तो माझ्या हाताकडेच बघायचा हो. घमेलं घेऊन आलो की शेवटपर्यंत आनंदानं मान हलवायचा.”

त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि उठून काळ्या घोड्याचे नाल काढायला गेले.

त्यानंतर पारुलला एकच बादली, रोज एकच सपाट माप. कोंडा कमी केला, हिरवा लसूणघास वाढवला. पुढचे डबे न घेतल्यानं जे वाचलं त्यातून काकांनी लाकडाचा भुसा आणवून तिच्या जागेवर जाड थर घातला, कारण, ते म्हणाले, मुतानं भिजलेल्या जमिनीवर उभ्या असलेल्या जनावराला सोनं खाऊ घातलं तरी खूर कुजणारच. नाल काढून टाकले, कडा गोल घासल्या आणि पारुल अनवाणी, फक्त मऊ मातीवर चालू लागली.

दुर्गापूजा झाली, थंडी आली. मला काहीही फरक दिसेना. खूर तसेच, टवके उडालेले, भेगाळलेले. सेक्रेटरीबाबू जाता-येता बघत आणि चुकचुकत. एक दिवस मीच धीर सोडला. “काका, आपलं चुकलं तर नाही ना? त्या डब्यात काहीतरी असेलही.”

त्यांनी माझं बोट धरलं. पारुलच्या खुराच्या अगदी वर, जिथे केस संपतात तिथे टेकवलं आणि हळूहळू खाली आणलं. दोन बोटं रुंदीचा एक पट्टा होता. गुळगुळीत, भरीव, चिंचोक्यासारखा. त्याच्याखाली एकदम खडबडीत सुरू होत होतं.

“खालचं आहे ते जुनं. ते आता काही केलं तरी सुधारणार नाही. हे नवं. हे वरून खाली येईल, तेव्हा खिळा धरेल. घाई केली तर काय, ओढून खाली आणायचंय का?” त्यांनी कानशीनं त्या सीमेवर एक हलकी खूण केली. “ही खूण जमिनीला टेकली की मला सांगा.”

मी दर रविवारी ती खूण बघत असे. माझ्या त्या एकटेपणाच्या वर्षात वाट बघण्यासारखं तेवढंच काहीतरी होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही. पुण्याला फोन केला की मुलगा अभ्यासाचं आणि नवरा गॅसच्या नंबराचं सांगे आणि मी सांगे, खूण अर्ध्यावर आली.

वसंतात परदेशी डब्याच्या वितरकाचा माणूस आला. तोवर पारुलच्या खुरात फरक कुणालाही दिसावा इतका झाला होता. त्याच्याकडे कॅमेरा होता. शाळेच्या शर्यतीच्या दिवसाचा मंडपाचा खर्च कंपनी उचलेल, असं सेक्रेटरीबाबूंशी बोलणं झालं होतं. बदल्यात हवालदारजींनी डबा हातात धरून पारुलशेजारी उभं राहायचं आणि दोन वाक्यं बोलायची.

काकांनी डबा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. “इसमें से इसने एक चम्मच भी नहीं खाया.”

“अरे, बस एक फोटो है,” सेक्रेटरीबाबू म्हणाले.

“फोटो देखकर कोई दूसरा खिलाएगा ना, बाबू. अपने घोड़े को.”

मंडप गेला. सेक्रेटरीबाबूंचा समितीपुढे पाणउतारा झाला असणार. ते काकांना म्हणाले, पुढच्या महिन्यापासून गरज लागली की आम्हीच कळवू. कळवलं नाही. डिप्लोमा घेतलेला एक नवा नालबंद यायला लागला.

मला वाटलं, आता काका दिसणार नाहीत. पण रविवारी मी पारुलवरून वळसा घेत होते तेव्हा कुंपणापलीकडे ते उभे होते. हातात पिशवी नाही, अंगावर ॲप्रन नाही. बराकपूरहून पदरचं तिकीट काढून आले होते. मी घोडी कुंपणापाशी नेली. त्यांनी लोखंडी गजांतून हात घालून तिचा गुडघा चाचपला आणि म्हणाले, “नव्या माणसाला एवढं सांगा, अजून चार-पाच महिने खिळा मारू नको. पोरगा हाताला चांगला आहे, मी पाहिलं. फक्त घाईत आहे.”

तो निरोप मी दिला. नव्या नालबंदानं ऐकलं, कारण त्यालाही डोळे होते. असे सात रविवार गेले. आठव्या रविवारी पावसाची चिन्हं होती, काका कुंपणाशी उभे होते, आणि सेक्रेटरीबाबू तबेल्यातून निघून, या खेपेला चिखल न चुकवता, सरळ त्यांच्यापर्यंत चालत गेले. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं सेक्रेटरीबाबूंनी स्वतः फाटक उघडलं.

पूजेच्या आधी दोन आठवडे खूण जमिनीला टेकली. काकांनी पारुलचे चारही नाल स्वतः ठोकले. प्रत्येक खिळ्याला थांबून ऐकत होते. मग रफीकनं तिला डांबरी रस्त्यावर दुडक्या चालीत नेलं आणि परत आणलं. चारही पावलांचा आवाज सारखा होता. सेक्रेटरीबाबूंनी टाळी वाजवली. काकांनी चष्मा काढून ॲप्रनच्या आतल्या बाजूनं पुसला, पुन्हा पुसला, आणि म्हणाले, “बादली बंद करू नका. संपली की नवी आणा.”

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली पुण्याला झाली. सामान जायच्या सकाळी दारावरची बेल वाजली. दारात पांढरा शुभ्र लेंगा-शर्ट घातलेला, दाढी केलेला एक वयस्क माणूस उभा होता. क्षणभर मी ओळखलंच नाही. ते बांधलेल्या खोक्यांच्या मधोमध प्लास्टिकच्या एकुलत्या खुर्चीवर टेकून बसले. मी म्हटलं, “काका, पारुलचा एखादा जुना नाल द्या की आठवण म्हणून.”

“गंजलेलं लोखंड ते. घरात कशाला?” ते म्हणाले. “पुण्यात घोडे आहेत. जात जा. टाच खाली ठेवा, तुमची अजून वर येते.” दहा मिनिटं बसले, पाणी प्यायले आणि निघाले. मी खाली वाकून नमस्कार करायला गेले तर ते दोन पावलं मागे सरकले.

मी रिकाम्या घराच्या गॅलरीत येऊन उभी राहिले. खाली माझ्या सामानाचा ट्रक निघाला आणि वळणावरच अडकला. त्याच्यापुढे एक घोडागाडी चालली होती, लग्नाच्या झिरमिळ्या अजून लोंबत होत्या. पांढरा घोडा पुढच्या डाव्या पायानं लंगडत होता. काका फुटपाथवरून उतरले आणि घोड्यासमोर हात आडवा धरून उभे राहिले. गाडीवान काहीतरी ओरडला. त्यांनी ऐकलं नाही. भर रस्त्यात, त्या कडक इस्त्रीच्या कपड्यांत ते वाकले, घोड्याचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि खिशातून काहीतरी काढून खुराच्या खाचेत घातलं. ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला. मागे दोन टॅक्सी, एक बस. सगळे वाजवायला लागले. काकांनी मागे न बघता एक हात वर केला. बाकी पाठ तशीच वाकलेली.

मग एक खडा डांबरावर पडला. त्यांनी पाय खाली ठेवला, गाडीवानाला खूण करून घोडा पाच-सात पावलं चालवला. मान तिरकी करून उभे राहिले. एवढ्या गोंगाटात त्यांना काय ऐकू आलं असेल कोण जाणे, पण त्यांनी मान हलवली, बाजूला झाले आणि बसस्टॉपकडे चालू लागले.

पांढऱ्या लेंग्याच्या मांडीवर शेणा-मातीचा मोठा डाग पडला होता. त्यांना तो दिसला नसावा. गॅलरीतून मला दिसत होता, बस येईपर्यंत.